बंद ठेवलेली घंटा

"सध्या एवढं चालवून घेऊ, नंतर बघू." हे वाक्य आपल्या ऑफिसांमध्ये भलतंच लाडकं आहे, नाही का?

एका मुलीला ऑफिसात सगळे सुपरफास्ट म्हणत. नुकतीच कॉलेजातून बाहेर पडलेली, पण कोड लिहायला बसली की चहा गार व्हायच्या आत काम हातावेगळं! एका वृद्धाश्रमासाठी तिनं अ‍ॅप बनवलं होतं. पलंगाशेजारचं बटण दाबलं की सेविकेच्या फोनवर घंटा वाजायची. साहेब ते गिऱ्हाइकाला दाखवत असताना घंटा उगीचच मध्ये मध्ये किणकिणू लागली, म्हणून हिनं कोडमध्ये तिचा आवाजच बंद केला. नंतर चालू करू म्हणाली आणि साफ विसरली.

सॉफ्टवेअर तपासणाऱ्या काकांनी विचारलंही होतं, "पोरी, एकदा घंटा वाजवून बघू का?"

"अहो काका, तुम्ही श्वाससुद्धा तपासून घेता! बघितलीय मी. यादीत टिक करा."

सगळे हसले. काकांनी टिक केलं.

अ‍ॅप सुरू झालं, त्याच दुपारी वृद्धाश्रमातल्या एका आजींना धाप लागली. त्यांनी बटण दाबलं, पुन्हा पुन्हा दाबलं. सेविका शेजारच्याच खोलीत एका आजोबांना भरवत होती, फोन खिशातच होता. ती आली तेव्हा आजी गेल्या होत्या.

आजींच्या मुलानं सेविकेला धारेवर धरलं. तिला कामावरून काढायचं ठरलं. "फोन वाजलाच नाही हो!" ती रडून सांगत होती, पण ऐकतंय कोण?

इकडे ऑफिसात बातमी आली आणि सुपरफास्टनं कोड उघडला. घंटेचा आवाज तिनं बंद केला होता, तसाच बंद होता.

साहेब हळूच म्हणाले, "गुपचूप चालू करून टाक. नेटवर्क गेलं होतं म्हणू. नाहीतर तुझी नोकरी गेलीच समज."

ती काकांकडे आली. "काका, आता घंटा चालू केली तर कुणाला कळणारही नाही."

"त्या सेविकेला काय वाटेल?" काका म्हणाले. "मला ऐकू कसं आलं नाही, असं जन्मभर स्वतःलाच विचारत बसेल ती. आणि मी तरी कुठला धुतल्या तांदळासारखा? तुझ्या शब्दावर टिक केलंच ना! अगं, आपला कोड कुणाला दिसत नाही. माणसं नुसत्या भरवशावर बटण दाबतात!"

तिनं कोड तसाच ठेवला आणि पर्स उचलली.

दोघं वृद्धाश्रमात गेली. आजींच्या मुलासमोर, सेविकेसमोर ती म्हणाली, "घंटा मी बंद केली होती. या ताईंची काहीच चूक नाही."

मुलानं एवढंच विचारलं, "म्हणजे आई वाट बघत होती?"



सेविकेचं काम वाचलं. सुपरफास्टची नोकरी गेली. नव्या ऑफिसात तिला सगळे गोगलगाय म्हणतात. प्रत्येक बटण ती स्वतः दाबून बघते, घंटा वाजेपर्यंत उठत नाही. वाजली की तिचे डोळे भरून येतात.

विद्यार्थी मित्रांनो, चूक कुणाच्याही हातून होते. ती दुसऱ्याच्या माथी मारू नका! आणि न तपासता "झालंय" म्हणू नका. बटण दाबून कुणीतरी वाट बघत असतं.