कड्यावरचे ओंडके

मार्च १९२१. बटुमी शहरासाठी तुर्की आणि जॉर्जियन फौजांत लढाई जुंपली होती. ती दोन-तीन दिवसच चालली, पण त्यातला एक दिवस फेरिदेच्या मधमाश्यांवर आला.

फेरिदे शहरामागच्या डोंगरात राहायची. साठी उलटलेली बाई. घरापुढच्या रस्त्याच्या कडेला उंच कडा होता. त्यावर तिनं पोकळ ओंडके आडवे ठेवले होते. त्यांत माश्या राहत. सकाळी जॉर्जियन हवालदार वार्लाम आला आणि त्यानं ओंडक्यांची तोंडं रस्त्याकडे झुकवली.

"आजी, लांबून तोफा वाटतील."

"आणि मग त्यांची खरी तोफ माझ्या माश्यांवर चालेल."

"मला शिव्या दे हवं तर."

"मघापासून देतेच आहे, मनातल्या मनात."

दुपारी वार्लामला शहरात बोलावणं आलं. तो माणसं घेऊन गेला. ओंडके तसेच राहिले. थोड्याच वेळात खालच्या वळणावर तुर्की तुकडी थांबली आणि खेचरांवरून तोफ उतरवू लागली. कड्यावर आता कोणी नव्हतं, तेव्हा खरं सांगायला हरकत नव्हती. फेरिदे खाली गेली.

अधिकारी कोन्याच्या सपाट मुलखातला. "मधमाश्या? कड्यावर कोण ठेवतं?"

"खाली अस्वलं खातात, साहेब," इद्रिस नावाचा शिपाई म्हणाला. "आमच्या रिझेकडेही असंच ठेवतात."

"तुम्ही दोघं एकाच आईची लेकरं दिसता. जा, एक ओंडका पाडून दाखवा. माश्या निघाल्या तर तोफ परत खेचरांवर चढवतो."

इद्रिसबरोबर वर गेल्यावर फेरिदेनं एकेका ओंडक्याला कान लावला. थंडीत बरेच रिकामे झाले होते. ज्यात सगळ्यांत जास्त गुणगुण होती, त्यावर तिनं हात ठेवला.

"हा? हा तर भरलेला आहे, आजी."

"म्हणूनच. चार माश्या तुझ्या साहेबाला खालून दिसणार आहेत का?"

इद्रिसनं ओंडका ढकलला. तो रस्त्यावर आपटून फुटला आणि माश्यांचा काळा लोट उठला. खेचरं उधळली, शिपायांनी कोट डोक्यावर ओढले.

"पटलं, पटलं," अधिकारी रुमालाआडून म्हणाला.

खेचरं धरून आणून तोफ चढवली गेली. तुकडी पुढे निघाली. इद्रिस मागे राहिला. ऊन उतरत होतं. राणी सापडून नव्या ओंडक्यात गेली नाही, तर माश्याही बाहेरच राहून रात्रीत गारठून मरणार होत्या. फुटक्या पोळ्याशेजारी एका दगडाखाली त्यांचा झुबका बसला होता. फेरिदेनं रिकामा ओंडका धरला, इद्रिसनं उघड्या ओंजळीनं माश्या आत सोडल्या.

"राणी दिसली का रे?"

"नाही."

मग ओंडक्याच्या तोंडाशी काही माश्या शेपटाकडची बाजू वर करून पंख हलवू लागल्या. राणी आत असली की त्या बाकीच्यांना अशा बोलावतात. दगडावरच्या माश्या चालत चालत आत शिरू लागल्या.

"आहे," फेरिदे म्हणाली. "जा आता. तुझी माणसं लांब गेली."

इद्रिसनं बोटांत रुतलेले माश्यांचे काटे उपसले आणि बंदूक उचलली.