चढावरचं ऊन

चैत्राचे ऊन. तप्तताम्र, धारदार, निर्दय. उजाड माळावर ते ओतले जात होते, आणि माळाच्या छातीवरून वर चढणारा काळा रस्ता वितळत्या काजळासारखा थरथरत होता.

सूर्य पिऊन धावणाऱ्या गाड्यांची ती शर्यत. निळ्या काचांचे पाते पाठीवर पसरून शाल्मलीची गाडी येत होती. निःशब्द, निर्धूम, नितळ. बॅटरीतली वीज चाकांना मोजूनमापून देणारा कंट्रोलर तिच्याच हातचा. तो शीतल होता. ती नव्हती.

कारण तिचा पहिला कंट्रोलर तिला शिकवणाऱ्या दाभाडे सरांनी आपल्या नावावर मिरवला होता. जिचे ऋतूमागून ऋतू त्या तांबूस तारांत विणले गेले, तिचे नाव त्यांनी भर सभेत उच्चारलेही नाही. हार त्यांच्या गळ्यात. आणि शाल्मली मागच्या रांगेत, टाळ्यांच्या कल्लोळात, पाषाणासारखी.

त्या कंट्रोलरला सपाटीवर तोड नव्हती. पण दीर्घ चढावर तो तापे, आणि तापला की आपणहून वीज तोडून गप्प बसे. इजा कुणालाच नाही. फजिती मात्र अटळ. हे वैगुण्य एकट्या शाल्मलीला माहीत होते. तिने ओठ मिटून घेतले, नवा कंट्रोलर घडवला, आणि वाट पाहिली.

आज, चढाच्या मध्यावर, तोच पहिला कंट्रोलर बसवून शर्यतीत उतरलेली सरांची गाडी उभी होती. शुभ्र, शोभिवंत, निष्प्राण. उघड्या झाकणाशी सर वाकलेले, घामाने निथळत.

तिने गाडी थांबवली.

"शाल्मली, हा बंद का पडतोय गं?"

"चढावर तापतो तो, सर."

"तुला माहीत होतं?"

"पहिल्यापासून."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही केलाय ना तो," ती शांतपणे म्हणाली. "मला वाटलं, तुम्हाला ठाऊक असेल."

सरांची मान खाली गेली. त्या झुकलेल्या मानेकडे ती डोळे भरून पाहत राहिली. तहानेल्याने पाण्याकडे पाहावे तशी. ऐन क्षणी दया येईल, असे तिला कधीकधी वाटले होते. आली नाही.

तिने गाडी पुढे काढली. वर, आणखी वर, माळाच्या माथ्यावर, जिथे रस्ता संपून नुसते आकाश उरल्यासारखे वाटत होते. आणि मागे, त्या जळत्या चढावर, एक मनुष्य लहान होत गेला, पुसट होत गेला, उन्हात विरून गेला.