पूजेच्या वेळच्या खाणाखुणा

शर्टाचं दुसरं बटण एका धाग्यावर लोंबत होतं, आणि अमरेश ते तिच्या नाकासमोर धरून अंगठा नि तर्जनी एकमेकांवर घासत होता — म्हणजे सुईदोरा. वर्षाराणीनं चपाती उलटता उलटता पंजा दाखवला — पाच मिनिटं थांब. दारातून रक्षितानं दोन्ही हात केसांमागे नेऊन गाठ मारल्यासारखं केलं — रिबन कुठाय? — आणि वर्षाराणीनं हनुवटीनंच कपाट दाखवलं... अगं बाई! कोणासाठी हे? कळंब्याच्या या नव्या घरात माय-लेकरांशिवाय चिटपाखरू नव्हतं. नवरा, महांतेश, सकाळीच शिरोलीच्या कारखान्यात पहिल्या पाळीला गेलेला. आणि अज्जा तिकडे, गंगावेशीच्या दोन खोल्यांत.

अज्जा म्हणजे तिचे सासरे, पोरांमुळे सगळ्यांचेच अज्जा झालेले. पहाटे अंघोळ करून, कपाळाला विभूती लावून, डाव्या तळहातावर इष्टलिंग घेऊन बसायचे ते थेट शाळेची रिक्षा येईपर्यंत. तेवढा वेळ घरात कोणी बोलायचं नाही. ओरडायचे नाहीत हो ते, कधीच नाही. साधा चमचा पडला तरी फक्त डोळे उघडायचे, आणि त्या डोळ्यांत एवढं वाईट वाटलेलं असायचं की पाडणाऱ्याला मेल्याहून मेल्यासारखं व्हावं. मग पोरं खुणा शिकली. मीठ, पाणी, मोजे, पोटात दुखतंय... सगळ्याला खूण. पाहुणे म्हणायचे, काय शहाणी लेकरं! आणि वर्षाराणी फुगायची... फुगायचीच की, खोटं कशाला बोला.

रक्षिताचं निभावलं, पण धाकटं शहाणं लेकरू, अमरेश, वर्गातही गप्पच. तिसरीत गेला तरी हजेरीला नुसता हात वर. बाईंनी बोलावून सांगितलं, डॉक्टरला दाखवा. डॉक्टर म्हणाले, कान-घसा ठणठणीत आहे, बोलायची सवय लावा. दोन खोल्यांत कुठून लावायची? वर्षभर महांतेशच्या मागे भुणभुण केली तेव्हा कुठे हे घर. निघताना सासूबाई, पोरांच्या अव्वा, एवढंच म्हणाल्या, "जावा की. पर पोरगं तिथंबी गप ऱ्हायलं, तर?" तो 'तर' तिच्या छातीवर येऊन बसला होता. राहायला येऊन आठ दिवस झाले, आणि पोरगं अजून बोटंच घासतंय.

"तोंडानं माग की रे," बटण शिवता शिवता ती म्हणाली, आणि तिच्या लक्षात आलं, आपणही कुजबुजतोय.

तेवढ्यात फाटकाशी शाळेची रिक्षा, आणि रिक्षावाल्या सयाजीमामांचा आवाज — हळू बोलणं देवानं त्या माणसाला दिलंच नव्हतं — "ओ वैनी! आवरलं का न्हाय? का मी जाऊन बसू वर्गात?" पोरं पळाली. रिक्षा वळणापर्यंत गेली आणि तिथून —

"आईऽऽ! डबाऽऽ! माझा डबा ऱ्हायला की!"

क्षणभर तिला कळेचना कुणाचा आवाज. महिनाभर बंद नळाला पाणी यावं तसा आधी खरखरला, मग मोकळा. तिचा हात शूऽऽ करायला उठलाच होता... समोरच्या बायडाबाई गॅलरीत आल्या. "कुणाचं पोरगं गं ते? काय नरडं हाय!"

"माझं हाय!" वर्षाराणी ओरडली, आणि डबा घेऊन अनवाणी पळाली.

परत येऊन ती पायरीवर बसली. सुटले बाई, असं तिला वाटलं, अगदी उघड उघड सुटले — आणि लगेच अज्जांचं वाईट वाटलं. पूजा आटोपली असेल त्यांची. आज डोळे उघडले तेव्हा समोर गप्प बसलेलं एकही पोर नसेल. नातवावर जीव टाकणारा माणूस. त्यांना कळवायला हवं... पण सांगायचं कसं? कसंही सांगितलं तरी त्यांना ते लागणारच. फोन हातात घेऊन ती आत आली, आणि लावण्याआधी रिकाम्या घरात मोठ्यानं म्हणून पाहिलं, "अज्जा, तुमचा नातू आज गल्लीभर ओरडला." तक्रारीसारखं वाटलं. मग जरा हसून, आणखी मोठ्यानं, पुन्हा म्हणून पाहिलं.