मलप्पांच्या गोदामातली शर्यतगाडी

लातूर वेगळा जिल्हा होऊन चारेक वर्षं झाली होती आणि पावसाने लागोपाठ दुसऱ्या वर्षी दगा दिला होता. दुष्काळी धान्य ठेवायला सरकार उदगीरमधली गोदामं भाड्याने घेत होतं, म्हणून आडत व्यापारी मलप्पांनी स्टेशनजवळचं आपलं जुनं गोदाम रिकामं करायला काढलं. हरभऱ्याच्या फाटक्या पोत्यांखालून एक गाडी निघाली. कमरेएवढीसुद्धा उंच नाही, डोक्यावर छत नाही, इंजिन ड्रायव्हरच्या पाठीमागे, वायरी उंदरांनी कुरतडलेल्या. मलप्पांचा पुतण्या बसवराज याने ती तरुणपणी मद्रासहून आणली होती. विलायतेत रात्रंदिवस चालणाऱ्या लांब पल्ल्याच्या शर्यती असतात, त्यांच्यासाठी अशा मोजक्याच गाड्या बांधल्या जात. प्रोटोटाइप म्हणत त्यांना. एका शर्यतीत इंजिन जाम झालं, बसवराजने गाडी इथे टाकली आणि तो बंगलोरला धंद्याला निघून गेला.

पंचशीला सोनकांबळे ही उदगीरहून रोज ये-जा करून लातूरच्या आयटीआयमध्ये फिटर ट्रेड शिकवायची. तिचा नवरा रामकिशन एसटीत ड्रायव्हर. गोदामात गर्दी जमली तेव्हा दोघंही बघायला गेले. बाकीचे हसत होते. पंचशीला गाडीखाली आडवी झाली, टॉर्चने चेसिसचे पाइप बघितले आणि धूळ झटकत उठली.

"मलप्पाकाका, विकता का?"

"भंगारवाला उद्या येणार हाय. त्याच्या भावात घेऊन जा. पन घेऊन करणार काय, बाई?"

"चालवणार."

घरावर स्लॅब टाकायचं त्या वर्षी राहून गेलं. पत्र्याच्या शेडमध्ये गाडी आली आणि पंचशीलाच्या सगळ्या सुट्ट्या तिने खाल्ल्या. खालचे पाइप गंजून चाळण झाले होते. तेवढे कापून तिने नवे वेल्ड केले. पिस्टन सिलिंडरला धरून बसले होते. डिझेल ओतून, रोज थोडं थोडं ठोकून तिने ते सोडवले, तरी एक फुटलाच. त्या मापाचा पिस्टन कुठेच मिळेना. शेवटी हैदराबादच्या जुन्या बाजारातून दुसऱ्याच गाडीचे पिस्टन आणून तिने ते लेथवर घासून मापात उतरवले. पहिला संच वाया गेला. त्या दिवशी ती जेवली नाही. रामकिशन म्हणाला, "सोडून द्यायची का?" तिने त्याच्याकडे असं बघितलं, की त्याने तो प्रश्न पुन्हा कधी विचारला नाही.

टँकरच्या रांगेत शेजारची नागुबाई सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलली, "इथं प्यायला पानी न्हाई अन् हिला शर्यत सुचायलीय."

"मावशी, माझ्या गाडीसाठी मी कुनाच्या घागरीत वाटा मागितला का?" पंचशीला म्हणाली. तिने मागितला नव्हताच. हाततोंड धुतलेलं पाणी ती फडक्यातून गाळायची, उकळायची, निवळू द्यायची आणि रेडिएटरसाठी कॅनमध्ये साठवायची.

दुसऱ्या उन्हाळ्यात इंजिन सुरू झालं. आवाज पार किल्ल्यापर्यंत गेला म्हणतात. बंगलोरला मात्र नक्की गेला, कारण आठवड्याभरात बसवराज दारात उभा राहिला. केस पांढरे झालेले, अंगात इस्त्रीचा शर्ट. त्याने गाडीभोवती एक फेरी मारली.

"काकांनी मला न विचारता दिली. ही आमच्या घरची गाडी आहे. तुमचा जो खर्च झाला तो देतो."

"विकायची न्हाई."

"अहो, ही काय तुमच्याकडे ठेवायची वस्तू आहे?"

तुमच्याकडे म्हणजे कुणाकडे, ते त्याने सांगितलं नाही. सांगायची गरजही नव्हती. रामकिशन पुढे सरकला, पण पंचशीलाने हातानेच त्याला थांबवलं.

"गोदामात पोत्याखाली होती तवा कुनाकडं ठेवायची वस्तू होती, साहेब?"

बसवराजने विषय बदलला. "उंच करून ठेवलीत. स्प्रिंग बदलल्या, चाकं फियाटची. ही पळायची नाही. गल्लीच्या टोकाला बंद पडेल."

"दुसरी सीट मोकळी हाय. उद्या सकाळी नांदेड, तिथून लातूर, लातूरहून परत. बसा. बंद पडली तर घेऊन जा."

बसवराज आला. मुखेडच्या रस्त्याला लागेपर्यंत तो कान देऊन इंजिनात खोट शोधत होता. पुढे एका उतारावर गाडीने वेग घेतला तेव्हा त्याने दाराची कड घट्ट धरली आणि नकळत हसला. नांदेडला पोचल्यावर त्याने स्टिअरिंग मागितलं. पंचशीला म्हणाली, "आज न्हाई."

अहमदपूरच्या अलीकडे रेडिएटरचा पाइप फुटला. वाफेचा लोट उठला, गाडी कडेला घ्यावी लागली. तिथे रोजगार हमीच्या कामावर बायका खडी फोडत बसल्या होत्या. बसवराज घड्याळाकडे बघत म्हणाला, "झालं."

"पाइप फुटला. गाडी न्हाई."

इंजिन निवेपर्यंत ती खडीच्या ढिगावर टेकली. बाहत्तरच्या दुष्काळात तिची आई अशीच खडी फोडायची आणि शाळकरी पंचशीला पाट्या भरू लागायची. ते तिने बसवराजला सांगितलं नाही. एक म्हातारी घागर घेऊन आली. बसवराजने हात पुढे केला, तसं पंचशीला म्हणाली, "नगं, आजी. तुमचं प्यायचं हाय ते. माझं संगं हाय." मग पाइपचं फुटलेलं टोक कापून तिने तो ओढून बसवला, क्लॅम्प आवळला आणि आपल्या कॅनमधलं पाणी ओतलं. हाताला चटका बसला, फोड आला.

म्हातारीने बसवराजकडे बघितलं. "मालक, गाडी तुमची का?"

"नाही," बसवराज म्हणाला. "बाईंची आहे. मी नुसता बसलोय."

बायका हसल्या. पंचशीला हसली नाही. गाडी सुरू झाली आणि लातूर करून, दिवे लागायच्या आत उदगीरला पोचली. रामकिशन ड्युटी संपवून स्टँडवर उभा होता.

उतरताना बसवराज म्हणाला, "हिवाळ्यात दक्षिणेत जुन्या गाड्यांची तीन तासांची शर्यत आहे. दोन ड्रायव्हर लागतात. मी चालवतो, खर्च माझा. तुम्ही मेकॅनिक म्हणून या."

"ड्रायव्हर मी अन् हे. यायचं असंल तर मेकॅनिक म्हणून तुम्ही या."

त्याला राग आला. तो तसाच निघून गेला आणि पुन्हा आला नाही.

हिवाळ्यात मलप्पांनी धान्याचा ट्रक दिला. "पुतण्याला सांगू नका," म्हणाले. त्यात गाडी चढवून दोघं शर्यतीला गेले. तिथल्या एका माणसाने पंचशीलाला प्रेक्षकांची जागा दाखवली. तिने हेल्मेट घातलं आणि गाडीत जाऊन बसली. पहिला दीड तास तिने चालवली, पुढचा रामकिशनने. चांगल्या चकचकीत गाड्या एकेक करून बंद पडून बाजूला लागत गेल्या, ही आपल्या चालीने फिरत राहिली. उरलेल्यांत शेवटून दुसरी आली, पण शेवटपर्यंत आली.

पंचशीलाने लगेच इंजिनवरचं झाकण उघडलं. तेल कमी झालं होतं, एक नट ढिला होता. पुढच्या वर्षी कुठले पिस्टन टाकायचे, ते ती रामकिशनला सांगू लागली.