इस्त्रीच्या टोकाचे डाग

क्षयरोगाच्या दवाखान्यातलं जुनं कपाट रिकामं करायचं होतं, म्हणून निवृत्त सिस्टरबाईंना मुद्दाम बोलावलं होतं. कार्डं चाळता चाळता एक पिवळं पडलेलं कार्ड हाती आलं आणि बाई खुर्चीत बसल्या त्या बसल्याच. रोजच्या गोळ्यांच्या निम्म्या चौकोनांत त्यांची सही होती आणि उरलेल्यांत तपकिरी डाग.

काज-बटणवालीचं कार्ड.

तेव्हा बाई तिशीच्या होत्या आणि नियम म्हणजे नियम असा त्यांचा खाक्या होता. ती पोर परगावाहून एकटी आलेली, कपड्यांच्या कारखान्यात काज-बटण करायची, भाड्याच्या खोलीत राहायची. औषध सहा महिन्यांचं. तिसऱ्या महिन्यात ताप गेला, अंग भरलं, पोर कामावर परतली आणि दवाखान्यात यायची बंद झाली. दवाखाना उघडायचा दहाला, कारखान्याचं फाटक बंद व्हायचं सकाळी आठला, एवढी साधी गोष्ट बाईंच्या डोक्यात शिरली नाही. औषध अर्धवट सोडलं तर आजार उलटतो, हे मात्र पक्कं ठाऊक. म्हणून सुट्टीच्या दिवशी सकाळी सकाळी, कडक पांढऱ्या गणवेशात, क्षयाच्या दवाखान्याचं नाव असलेली पिशवी खांद्याला लावून त्या तिच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या.

घरमालकिणीने त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि काय समजायचं ते समजली. संध्याकाळी पोरीची ट्रंक रस्त्यावर.

हे कळलं तेव्हा बाईंच्या मनात एकच आलं. आता ही पोर औषधाविना गेली तर ते पाप आपल्याच माथी. त्या साध्या कपड्यांत रोज कारखान्यासमोर जाऊ लागल्या. उभं राहायला निमित्त हवं म्हणून फाटकासमोरच्या इस्त्रीवाल्याकडे गणवेश द्यायचा आणि रस्त्याकडे डोळे लावून बसायचं.

चौथ्या दिवशी इस्त्रीवाला म्हणाला, "बाई, एकच झगा रोज किती वेळा भाजू? ती काज-बटणवाली हवीय ना? तुम्ही दिसलात की मागच्या दाराने जाते. कारखान्यातल्या एका मावशीकडे राहते हल्ली, तिनेच सांगितलं सगळं. गोळ्या इथे ठेवा, मी देतो."

"माझ्यासमोर गिळायला हव्यात. नियम आहे तसा."

"मग बसा नियम धरून."

बाईंनी आयुष्यात पहिल्यांदा नियम मोडला. पोर कामावर जाताना दुकानात थांबायची, पाण्याबरोबर गोळ्या घ्यायची. इस्त्रीवाल्याला लिहिता येत नव्हतं. तो तापल्या इस्त्रीचं टोक कार्डावर त्या दिवसाच्या चौकोनाला टेकवायचा. "कार्डाला काय कसर लागली की काय?" डॉक्टरांनी विचारलं होतं. बाईंनी कार्ड उचलून पिशवीत टाकलं.

शेवटच्या तपासणीत थुंकी स्वच्छ निघाली. त्या दिवशी पोर स्वतःहून दवाखान्यात आली. बाईंनी तीन महिने तोंडात घोळवलेलं वाक्य कसंबसं बाहेर काढलं. "तुझी खोली माझ्यामुळे गेली गं."

"तुमच्यामुळेच गेली," पोर म्हणाली. "पण दोन वर्षं राहिले त्या खोलीत. माझी चौकशी करत दारात आलेलं माणूस एकच. तुम्ही."

आता ते दुकान नाही, इस्त्रीवालाही नाही. बाईंना त्याची आणि त्या पोरीची फार आठवण आली.

"बाई, हे रद्दीत टाकू?" कारकुनाने हात पुढे केला.

"बाकीची टाक," बाई म्हणाल्या आणि कार्ड पर्समध्ये ठेवलं.