दोनशे पंचावन्न अक्षरं

दिव्यानीनं चाचणीचा मेल तिसऱ्यांदा पाठवला आणि तो तिसऱ्यांदा स्पॅममध्ये जाऊन पडला. पलीकडच्या टेबलावर कुलदीप बांबूच्या टोपल्यांना लेबलं चिकटवत होता. ते त्याचं काम नव्हतं. पण तिथून तिची स्क्रीन दिसत होती.

आलापल्लीच्या या संस्थेत आठ वर्षं कॉम्प्युटरवाला भाऊ म्हणजे कुलदीपच. दोन महिन्यांपूर्वी ही पोरगी नागपूरहून शिकून आली, आणि अध्यक्ष सुगंधाबाईंनी खिडकीजवळची खुर्ची, सगळे पासवर्ड, सारं तिच्या हवाली केलं. चहासुद्धा आता आधी तिच्यासमोर जाई. कुलदीपचा नुसता जळफळाट होई.

तिनं संस्थेचा मेल नव्या कंपनीकडे नेला होता. मेल खरोखर संस्थेचाच आहे हे पटायला डोमेनच्या नोंदीत एक लांबलचक किल्ली टाकावी लागते. ती टाकूनही हैदराबादच्या दुकानाला मेल पोचेनात. पाचपर्यंत दरपत्रक मिळालं नाही तर ऑर्डर दुसऱ्याकडे जाणार होती, आणि तिच्यासोबत चाळीस बायांचं उन्हाळाभराचं काम.

चूक कुलदीपनं सकाळीच ओळखली होती. नोंदीच्या एका तुकड्यात दोनशे पंचावन्नच अक्षरं मावतात. उरलेली किल्ली गुपचूप कापली जाते. तीन वर्षांपूर्वी हे कळायला त्याला आठ दिवस लागले होते, लाकूड डेपोजवळ रेंज मिळे तिथं उन्हात उभं राहून फोन करकरून. हिला ते फुकट का मिळावं?

तिनं दोनदा येऊन विचारलं. दोन्ही वेळा त्यानं मान वर न करता सांगितलं,

"मले नाई समजत हे नवीन."

चार वाजता दुकानातून फोन आला. दरपत्रक मिळालं होतं. कुलदीपच्या हातातलं लेबल त्याच्या बोटालाच चिकटून राहिलं.

कसं जमलं, असं सुगंधाबाईंनी विचारलं. जुन्या कंपनीची नोंद अजून तशीच होती, दिव्यानी म्हणाली. तिच्यात कुलदीपभाऊंनी किल्लीचे दोन तुकडे करून टाकले होते. ते पाहून तिनंही तसंच केलं.

सुगंधाबाई कौतुकानं त्याच्याकडे वळल्या, मग थबकल्या.

"तुले येत होतं, तं सकाळपासून काऊन नाई सांगतलं?"

कुलदीप बोटावरचं लेबल नखानं खरवडू लागला.

"मीच नाई विचारलं भाऊले," दिव्यानी म्हणाली.

तिनं त्याच्याकडे पाहिलंही नाही. चहा आला तेव्हा समोर ठेवलेला पहिला कप तिनं त्याच्यापुढं सरकवला. तो निवून गेला, तरी कुलदीपनं उचलला नाही.