सोडलेली जागा

मी पियानो वाजवतो आणि माझा मेव्हणा सॅक्सोफोन. बावीस वर्षं आम्ही दोघंच एका हॉटेलच्या लाउंजमध्ये जॅझ वाजवत होतो. एकमेकांना काही सांगायचं नाही, फक्त ऐकायचं, ही आमची पद्धत. तिचा आम्हाला भारी माज होता.

चार वर्षांपूर्वी एका गाण्यात तो मध्येच थांबला. मला वाटलं, याला दम पुरेना; सिगारेट नडली. लोकांसमोर त्याची शोभा नको, म्हणून मी ती जागा पियानोने भरून काढली. पुढे तो जास्त थांबायला लागला आणि मी जास्त भरायला लागलो. उगाच मनाला लागेल म्हणून त्याच्यापाशी ब्रसुद्धा काढला नाही.

काल दुपारी मॅनेजरने दोघांना बोलावलं. "पियानोवाले एकटेच सगळं वाजवतात," तो म्हणाला. "उद्यापासून सॅक्सोफोन नको."

मेव्हणा जिन्याखाली बसून सॅक्सोफोन पेटीत ठेवत होता. मी म्हणालो, "चल, आधी डॉक्टरला दाखवू. दम फारच लागतोय तुला."

"मला काय धाड भरलीये?" त्याने वर पाहिलं. "पहिल्यांदा थांबलो त्या दिवशी सॅक्सोफोनच्या तोंडाची रीड चिरली होती, एवढंच. पण तुम्ही असे सुटलात, की वाटलं, भावजींना एकट्याने वाजवायची हौस आहे. म्हणून मी जागा सोडत गेलो."

आज एकटाच पियानोवर बसलो. जिथे तो फुंकायचा, तिथे मी हात उचलून थांबलो. लाउंजमध्ये कोणालाच काही कमी वाटलं नाही.